वाणातला लेप आणि पत्रकावरचा फोटो: कमी खर्चात, पण पारखून

गेल्या संक्रांतीला इंदूरच्या आमच्या रामबागेतल्या महिला मंडळाने हळदीकुंकवाचं वाण म्हणून चेहऱ्याला लावायच्या लेपाची पुडी द्यायचं ठरवलं. प्लास्टिकचे डबे आणि चाळण्या घेऊन घेऊन सगळ्यांची कपाटं भरली होती. पुडीसोबत छोटं पत्रक, त्यावर कृती आणि एक सुंदर फोटो. माझ्या भाचीने तो फोटो इंटरनेटवर अर्ध्या तासात शोधला, पत्रकाच्या मागे एका साडीच्या दुकानाची जाहिरात घेऊन छपाईचा खर्चही काढला. पत्रक मंडळाच्या पानावर टाकलं आणि तीन आठवड्यांनी फोटोग्राफरचा निरोप आला: फोटो माझा आहे, जाहिरातीसोबत वापरायची परवानगी मी कुणालाही दिलेली नाही. त्याच सुमारास आमच्यातली एक वहिनी गालावर काळपट डाग घेऊन आली. तिने पुडीतल्या लेपात लिंबू पिळलं होतं आणि लेप धुऊन लगेच उन्हात बाजाराला गेली होती.

दोन्ही वेळी चूक एकच होती. वस्तू कुठून आली, तिच्यात काय आहे, ती कशासाठी आहे, हे न विचारता एक आम्ही चेहऱ्यावर लावली आणि दुसरी कागदावर. त्यानंतरचं वर्ष मी या दोन्ही गोष्टी नीट शिकण्यात घालवलं. जे कळलं ते क्रमाने लिहिते.

लेपाकडून काय मागायचं

लेप त्वचेवरचं जास्तीचं तेल शोषतो, वरची मृत त्वचा थोडी सैल करतो, ओलावा देतो. धुतल्यावर चेहरा मऊ आणि ताजा वाटतो, आणि तो परिणाम एक-दोन दिवस टिकतो. वांग, मुरुमांचे खड्डे, डोळ्यांखालची काळी वर्तुळं हे लेपाने जात नाही. रंग उजळवण्याचं वचन देणारी पुडी असेल तर ती तिथेच ठेवून द्या. मुरुमं दुखरी आणि मोठी असतील, डाग पसरत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा. मोठ्या सरकारी रुग्णालयांत त्वचेची ओपीडी असते, इथे इंदूरच्या एमवाय रुग्णालयातही आहे. घरगुती उपायांत महिने घालवण्यापेक्षा तिथे एक सकाळ गेलेली बरी.

सामान कुठून आणि कसं घ्यायचं

मी मारोठिया बाजारात जाते. आपण ज्याला काष्ठौषधीचं दुकान म्हणतो त्याला इथे पंसारी म्हणतात. गेल्या गेल्या प्रश्न येतो, "पिसी हुई दूँ या साबुत?" उत्तर नेहमी साबुत. मुलतानी मातीचे खडे घ्या, दळलेली घेऊ नका. दळलेल्या मातीत सुगंध, रंग किंवा खडू मिसळला तर डोळ्यांना कळत नाही. पाव किलो खडे साधारण वीस-तीस रुपयांत येतात आणि एका माणसाला वर्षभर पुरतात. माती नावाने मुलतानची असली तरी आपल्याकडे ती मुख्यतः राजस्थानातून, बाडमेर-बिकानेर भागातल्या खाणींतून येते.

घरी आल्यावर सुपारीएवढा खडा वाटीभर पाण्यात टाका आणि बघत बसा. चांगल्या मातीतून आधी बारीक बुडबुड्यांची रांग वर येते, हलकी सळसळ ऐकू येते, मग कडांना भेगा पडून खडा पाकळ्यांसारखा उलगडतो आणि काही मिनिटांत तळाशी लोण्यासारखा गाळ बसतो. मातीच्या कणांमधली हवा बाहेर पडून तिथे पाणी शिरतं, म्हणून हे घडतं. बोटाच्या चिमटीत तो गाळ चोळा. वाळू लागली तर ती माती चेहऱ्याला नको, पायांना वापरा.

हळदीचीही परीक्षा करा. पेल्यात पाणी घेऊन त्यावर चमचाभर हळद टाकायची आणि न ढवळता ठेवायची. शुद्ध हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी लगेच गडद पिवळं झालं तर कृत्रिम रंग आहे असं समजा. भेसळ ओळखण्याची ही पद्धत एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, घरगुती तपासणीसाठी दिलेली आहे. लेपात मी स्वयंपाकाच्या हळदीऐवजी आंबेहळद घालते, कारण साध्या हळदीचा पिवळेपणा कानशिलांवर दोन दिवस रेंगाळतो.

आता एक महत्त्वाचं. दिवाळीचं उरलेलं उटणं चेहऱ्याचा लेप म्हणून वापरू नका. एक तर ते भरड असतं. दुसरं म्हणजे बऱ्याच उटण्यांत बावची असते. बावचीत सोरालेन नावाचं द्रव्य असतं, आणि त्याने त्वचा उन्हाला कमालीची संवेदनशील होते. कोडाच्या उपचारात डॉक्टर याच गुणाचा मोजून-मापून उपयोग करतात. अभ्यंगस्नानात उटणं दोन मिनिटांत धुतलं जातं, म्हणून सहसा त्रास होत नाही. तेच पंधरा मिनिटं गालांवर ठेवून उन्हात गेलात तर डाग पडू शकतो. लिंबाच्या सालीत आणि रसात याच कुळातली द्रव्यं असतात. वहिनीच्या गालावरच्या डागाचं कारण तेच. शिवाय लिंबाच्या रसाचा पीएच (आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) दोनच्या आसपास, त्वचेचा साधारण साडेचार ते साडेपाच. म्हणजे उन्हात गेलं नाही तरी जळजळ आहेच.

लिंबाच्याच पंक्तीत खाण्याचा सोडा, दालचिनी, टूथपेस्ट आणि कच्चं अंडं बसवा. सोडा अल्कधर्मी आहे, तो त्वचेचं आम्लधर्मी संरक्षण बिघडवतो. कच्च्या अंड्यातले साल्मोनेला जंतू तोंडात जाऊ शकतात. हे उपाय कितीही जणींनी सांगितले तरी माझं उत्तर नाही असंच राहील.

आमची पुडी

शंभर ग्रॅम मुलतानी माती, पन्नास ग्रॅम मसूर डाळीचं पीठ, पन्नास ग्रॅम ओट्सचं पीठ, एक लहान चमचा आंबेहळद. प्रत्येक जिन्नस वेगळा दळायचा आणि मग वस्त्रगाळ करायचा. मैद्याची चाळणी पुरत नाही, जुन्या मलमलीच्या ओढणीतूनच गाळा. ओट्स यात उगाच नाहीत. ओट्सची बारीक पूड खाज आणि कोरडेपणा शमवते, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ मध्ये तिला त्वचारक्षक घटक म्हणून मान्यता दिली.

हे कोरडं मिश्रण घट्ट झाकणाच्या बरणीत, न्हाणीघरापासून दूर ठेवा. ओला चमचा एकदा जरी आत गेला तरी बुरशी धरते. पाणी, दही, गुलाबजल, जे काही मिसळायचं ते दर वेळी ताजं आणि एका वेळेपुरतंच. घरच्या लेपात टिकवणारं रसायन नसतं, त्यामुळे कालवलेला लेप उद्यासाठी ठेवायचा नाही, फ्रिजमध्येही नाही.

कशात कालवायचं ते त्वचेवर ठरतं. तेलकट असेल तर पाणी किंवा गुलाबजल. सर्वसाधारण असेल तर ताजं दही, कारण त्यातलं लॅक्टिक आम्ल सौम्यपणे मृत त्वचा सुटी करतं. दही आंबट झालेलं नको, ते चुरचुरतं. कोरडी असेल तर दूध आणि अर्धा चमचा मध, आणि अशांनी मातीचं प्रमाण निम्मं करून ओट्स वाढवावेत. माळव्याची हवा मुळात कोरडी. इंदूरचा मे महिना आणि डिसेंबर-जानेवारी या दोन्ही काळांत कोरड्या त्वचेला माती सोसत नाही, तेव्हा नुसते ओट्स आणि दूध पुरे.

कोरफड घालायची असेल तर पान कापून पंधरा मिनिटं उभं धरून ठेवा. कापलेल्या टोकातून पिवळसर चीक गळतो, तो त्वचेला झोंबतो. तो निघून गेल्यावरच आतला पारदर्शक गर घ्या.

हे सगळं स्वतःसाठी आणि आपसात देण्यापुरतं आहे. लेप विकायचा विचार असेल तर भारतात सौंदर्यप्रसाधन बनवून विकायला परवाना लागतो. घरचं आहे म्हणून सूट मिळत नाही.

आधी हातावर, मग चेहऱ्यावर

कोपराच्या खोबणीजवळ, हाताच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढा लेप लावा. दहा मिनिटांनी धुवा. त्याच जागी सलग तीन दिवस असंच करा. एका दिवसात कळतं असं म्हणतात, पण ॲलर्जीची पुरळ कित्येकदा ४८ ते ७२ तासांनी उठते, म्हणून घाई नको. लाली, खाज, फोड यांपैकी काही दिसलं तर ते मिश्रण तुमच्यासाठी नाही. कोणत्या जिनसाने त्रास झाला हे कळावं म्हणून नवीन वस्तू एका वेळी एकच आणा आणि वहीत तारीख टाका. मुरुमांसाठी ट्रेटिनोइन किंवा ॲडापलीनसारखं औषध लावत असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणताही लेप नको.

लावायची रीत

वेळ संध्याकाळची. शब-ए-माळवा म्हणून आपल्या रात्रींचं कौतुक होतं. लेपालाही तोच गारवा मानवतो, आणि नंतर उन्हात जायचं नसतं.

हात धुवा, चेहरा सौम्य फेसवॉशने धुवा आणि थोडा ओलसर ठेवा. दोन चमचे पूड, हळूहळू पाणी घालत श्रीखंडाएवढं दाट करा. पातळ झालं तर ओघळून डोळ्यांत जातं. डोळ्यांभोवती आणि ओठांभोवती बोटभर जागा मोकळी सोडून बाकी चेहऱ्यावर पातळसर, एकसारखा थर द्या.

खरी चूक होते ती पुढे. आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं की लेप कडकडीत वाळू द्या, चेहरा ताणला गेला की गुण येतो. हे बरोबर नाही. ओला असताना माती तेल ओढून घेते. वाळायला लागली की ती आकसते आणि त्वचेतलाच ओलावा ओढू लागते, म्हणून नंतर चेहरा लाल आणि खरखरीत होतो. आरशात बघा: आधी लेपाच्या कडा फिक्या पडतात, मग नाकाच्या आजूबाजूला रंध्रांच्या जागी गडद ठिपके दिसतात, मध्यभाग अजून बोटाला चिकटतो. हाच थांबण्याचा क्षण. हिवाळ्यात तो दहाव्या मिनिटाला येतो. मे महिन्यात कूलरसमोर बसलात तर पाचव्या-सहाव्या मिनिटालाच. दरम्यान बोलणं-हसणं टाळा.

मग ओल्या हातांनी लेप पूर्ण भिजवा, अर्धा मिनिट थांबा आणि न घासता कोमट पाण्याने काढा. ज्यांच्याकडे बोरिंगचं पाणी येतं त्यांनी शेवटचे दोन तांबे नळाला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्याचे घ्यावेत. बोरिंगच्या जड, क्षारांच्या पाण्याने चेहरा आणखी ओढल्यासारखा होतो, हा माझा स्वतःचा अनुभव. टॉवेलने टिपून घ्या आणि लगेच मॉइश्चरायझर लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी सनस्क्रीन. तेलकट त्वचेला आठवड्यातून एकदा, कोरडीला पंधरवड्यातून एकदा, त्याहून जास्त नको.

विकतचा मास्क घेणार असाल तर

डबी उलटी करा. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक आणि वापराची मुदत, हे चारही छापलेलं हवं. घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते. समोर केशर-चंदनाचं चित्र आणि यादीत केशर अगदी तळाला, सुगंधाच्याही खाली, असं असेल तर तुम्ही चित्राचे पैसे देताय. मातीच्या मास्कमध्ये केओलिन किंवा बेंटोनाइट (दोन्ही मातीचेच प्रकार) पहिल्या तीन-चार नावांत दिसायला हवं. उघड्या डबीच्या चिन्हात ६ किंवा १२ आकडा असतो, तो उघडल्यानंतर किती महिने चालेल ते सांगतो.

शीट मास्क पन्नास ते दीडशे रुपयांत मिळतो. पंधरा-वीस मिनिटं पुरेत, वाळेपर्यंत ठेवू नका. काळे, ओढून काढायचे कोळशाचे मास्क मी कुणालाच सुचवत नाही. ते लव आणि त्वचेचा चांगला थरही उपटतात. आणि लेबल नसलेली, डबीतून काढून दिलेली 'गोरं करणारी' क्रीम अजिबात नको. अशा क्रीममध्ये स्टिरॉइड सापडलेलं आहे. स्टिरॉइडची मलमं २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, ती उगाच नव्हे.

आता फोटो

गुगलवर दिसला म्हणजे फुकट, हा समज आधी काढून टाका. भारतीय कॉपीराइट कायद्याप्रमाणे (१९५७) फोटोवरचा हक्क फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो आणि त्यासाठी नोंदणी लागत नाही. फोटोवर नाव नसलं तरी मालक असतो.

रीतसर मोफत फोटोंसाठी तीन साइट पुरतात: अनस्प्लॅश, पेक्सेल्स आणि पिक्साबे. तिन्हीकडचे फोटो जाहिरातीसहित वापरता येतात, नाव देणं सक्तीचं नाही, पण मी देतेच. फोटो जसाच्या तसा विकायची परवानगी मात्र नाही. एक सावधगिरी: अनस्प्लॅश २०२१ पासून गेटी इमेजेसकडे आहे आणि शोधाच्या निकालांत पैसे भरून घ्यायचे फोटोही मिसळलेले दिसतात. कुलपाचं चिन्ह, 'प्लस' अशी खूण किंवा 'प्रायोजित' ओळ दिसली तर पुढे चला. पिक्साबेवर एआयने बनवलेली चित्रंही असतात, गाळणी (फिल्टर) लावून ती वगळा. सहा बोटांच्या हातात धरलेली वाटी पत्रकावर शोभत नाही.

शोधशब्द इंग्रजीतले टाका, पण वस्तूच्या आपल्याकडच्या नावाने शोधू नका. 'मुलतानी मिट्टी' टाकून फारसं हाती लागत नाही, 'क्ले पावडर', 'क्ले मास्क बोल' टाकून लागतं. निकाल डोळे उघडे ठेवून बघा. हळद म्हणून करी पावडर आणि कोरफड म्हणून घायपात लावलेले फोटो मला दिसले आहेत. वनस्पती अचूक हवी असेल तर विकिमीडिया कॉमन्सवर शास्त्रीय नावाने शोधा, हळदीसाठी 'कर्क्युमा लोंगा', चंदनासाठी 'सॅन्टालम अल्बम'. जुनी, हाताने रंगवलेली वनस्पतिचित्रं हवी असतील तर बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी हा खजिना आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानेही २०१७ मध्ये आपल्या संग्रहातल्या हक्कमुक्त कलाकृतींची चित्रं सर्वांना खुली केली.

कॉमन्सवर प्रत्येक फोटोचा परवाना वेगळा असतो, आणि आमची फसगत दुसऱ्या साइटवरच्या अशाच एका परवान्यावर झाली. खुणा लक्षात ठेवा. सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, ठरावीक अटींवर मोफत वापराचे परवाने. सीसी-झिरो: काहीही करा. सीसी-बाय: फोटोग्राफरचं नाव, परवान्याचं नाव आणि दुवा द्या, बदल केला असेल तर तसं लिहा. त्यापुढे एसए असेल तर तुमचं बदललेलं चित्रही त्याच परवान्याने खुलं ठेवायचं. एनडी म्हणजे बदललेलं चित्र प्रसिद्ध करायचं नाही. एनसी म्हणजे व्यापारी वापर नको. एनसी फोटो कॉमन्सवर घेतच नाहीत, पण इतर साइटवर भरपूर असतात. आमच्या फोटोवर एनसीची खूण होती आणि मागे साडीची जाहिरात. मंडळ नफा कमवत नसलं तरी जाहिरातीने पत्रकाचं रूप बदललं. आम्ही फोटो त्याच दिवशी उतरवला, माफी मागितली, उरलेली पत्रकं वाटली नाहीत.

आता भाची प्रत्येक फोटोसाठी चार गोष्टी करते. फोटोच्या पानाचा परवान्यासकट स्क्रीनशॉट काढते, दुवा आणि फोटोग्राफरचं नाव वहीत लिहिते, उतरवल्याची तारीख टाकते, आणि गुगल लेन्समध्ये तो फोटो टाकून बघते. दुसऱ्याच कुणाच्या नावाने तो जुन्या काळापासून फिरत असेल तर सोडून देते, कारण चोरलेला फोटो मोफत साइटवर चढवणारेही असतात.

चेहरा असलेल्या फोटोबाबत मी फार कडक आहे. अनोळखी मुलीचा हसरा फोटो 'आमच्या लेपाने आलेला फरक' म्हणून लावणं खोटं आहे, परवाना काहीही म्हणो. तसंच ओळखू येणारी बाई मुरुमांच्या किंवा डागांच्या मजकुराशेजारी ठेवू नका. तिचा अपमान होतो, आणि या साइटच्या अटींतही ते बसत नाही. वाट्या, हात, पानं, पूड यांचे फोटो घ्या.

नाहीच मिळाला तर स्वतः काढा

या वर्षी आम्ही हेच केलं. स्वयंपाकघराची उत्तरेची खिडकी, सकाळचे दहा. ओट्यावर जुनी सुती साडी, त्यावर पितळी वाटी. खिडकी डाव्या हाताला ठेवली आणि उजवीकडे पांढरा पुठ्ठा उभा केला, त्याने सावली मऊ झाली. घरातला दिवा बंद ठेवला, नाहीतर माती पिवळी दिसते. मोबाइलची काच पुसून, झूम न करता, जवळ जाऊन वीस फोटो काढले. त्यातला एक छान आला: पूड वाटीच्या कडेला सांडलेली आणि तिच्यावर बोटाची खूण.

छापायला देताना मूळ फाइल द्या. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो, म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. ए-५ पत्रक पूर्ण भरायला ३०० डीपीआयप्रमाणे (एका इंचात ३०० ठिपके) सुमारे १७५० बाय २४८० पिक्सेल लागतात, आजचा कुठलाही मोबाइल तेवढे देतो.

पत्रकाच्या तळाशी या वेळी तीन ओळी ठळक छापल्या आहेत:

आधी तीन दिवस हातावर लावून बघा.
लिंबू घालू नका. पूर्ण वाळू देऊ नका.
फोटो: मंडळाच्या सदस्य, स्वयंपाकघरातून.